मागे कोणी नाही

१

आजारी माणसाच्या घराला आपोआप एक वेळापत्रक लागतं. कोणी ठरवत नाही, कोणी लिहून भिंतीला चिकटवत नाही, पण चालतं मात्र कडक. सकाळी आधी गोळी, मग वाफ, मग पालथं झोपवून पाठीवर थापट्या, मग पातळ काहीतरी चमच्याचमच्यानं. हे सगळं उरकलं की मग तिचं शिवणाचं मशीन. गल्लीत तिला सगळे टेलरबाई म्हणायचे. मशीन पुढच्या खोलीत, आजारी नवरा मागच्या खोलीत आणि मधे एक भिंत. त्या एका भिंतीवर दोघांचा अख्खा संसार चालला होता म्हणा ना.

नवरा शाळेच्या बसचा ड्रायव्हर. दोन्ही फुफ्फुसांत न्युमोनिया झालेला. हाक मारण्याइतकाही दम नाही, आणि मारली तरी मशीनच्या खडखडाटात ऐकणार कोण? म्हणून तो बोटाच्या पेरानं भिंतीवर ठोकायचा. टक, टक, टक. म्हणजे, ‘आहेस का?’ तिच्या बोटात तुरपाईसाठी अंगुस्तान असायचंच. त्या पत्र्याच्या टोपणानं ती भिंतीवर उलट दोनदा वाजवायची. टक, टक. म्हणजे, ‘आहे.’ झालं, एवढंच बोलणं. बहुतेक वेळा त्याला पाणीसुद्धा नको असायचं. नुसतं विचारायचं असायचं. आणि विचारायची रीत तरी कशी! मशीन थांबेपर्यंत हा गप्प पडून राहायचा. तिची शिवण पुरी होऊ द्यायची, मगच ठोकायचं.

दुसरी ओळख खोकल्याची. दोन आखूड, एक लांब, आणि शेवटी छातीतून निघणारी बारीक शिट्टी. ती शिट्टी वाजल्याशिवाय खोकला पुरा व्हायचा नाही. बाजारभर माणसं खोकली असती तरी तिनं तो एक खोकला डोळे मिटून वेगळा काढला असता. झोपेतसुद्धा तिचा एक कान त्या भिंतीकडेच असायचा.

२

एका संध्याकाळी मात्र तिचा धीर सुटला. हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

एका गिऱ्हाइकाचा सूट सकाळी द्यायचा होता. अस्तराला झोळ पडत होता, एक बाही उलटी बसली होती, आणि पलीकडून टक, टक, टक. तिनं उत्तर दिलं. थोड्या वेळानं पुन्हा. पुन्हा दिलं. कितीतरी दिवस तिला सलग झोप नव्हती, कंबर धरली होती, आरशात बघायचं तर तिनं सोडूनच दिलं होतं. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो माणूस दिवसेंदिवस कमीच होत चालला होता. आवाज गेला, हसणं गेलं, उरला तो खोकला. पुन्हा ठोकलं तशी ती उठली आणि खिडकीशी गेली.

घरांच्या छपरांपलीकडे डोंगर दिसायचा. त्या दिवशी तो अर्धा ढगात बुडाला होता. त्याच्याकडे बघत ती दातओठ खात म्हणाली, “हा नको मला. हा खोकणारा नको. माझा आधीचा माणूस द्या परत.”

कोणाला म्हणाली, तिचं तिलाही ठाऊक नाही. भिंतीला तिनं उत्तर दिलं नाही. पलीकडून आणखी एकदा वाजलं, मग बराच वेळ काही नाही, मग एक खोकला, आणि मग सगळं शांत. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं.

सकाळी ती मान खाली घालून वाफेचं भांडं घेऊन आत गेली, तर नवरा पलंगाच्या काठावर बसून मोजे चढवत होता. ताप नाही. गालांवर रंग.

“भूक लागलीय,” तो म्हणाला. “काहीतरी चावायचं दे गं. ते पातळ पुरे झालं आता.”

ती दाराला टेकून ढसाढसा रडली. तेवढ्या आनंदात त्याच्या अंगावरचं पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं ब्लँकेट कुठे गेलं, हे विचारायचं राहून गेलं. खिडकी सताड उघडी होती. वाऱ्यानं उडून गेलं असेल, असं ती धरून चालली.

३

डॉक्टरांनी छातीला नळी लावली. पुढून, मागून, पुन्हा पुढून.

“खोकला?”

“नाही.”

“एकदाही नाही?”

“अहो, एकदाही नाही,” तीच मधे बोलली.

डॉक्टरांनी नळी गळ्यात अडकवली. “सहसा असं होत नाही. ताप उतरला तरी खोकला मुक्काम ठोकून असतो. पण चांगलंच आहे, तक्रार कशाला करायची! रोज थोडं चाला. सपाटीवर हं. डोंगरबिंगर इतक्यात नको.”

तक्रार करतंय कोण? नवरा दुप्पट जेवत होता. दाढी करताना गात होता, आणि आवाज असा लागत होता की शेजारच्या वहिनी कौतुकानं खिडकीत येऊन उभ्या राहायच्या. भर दुपारी येऊन मशीनचं चाक हातानं थांबवायचा आणि म्हणायचा, “टेलरबाई, दुकान बंद. चला फिरायला.” लग्न झालं तेव्हा तो असा होता. अगदी अस्साच. तिला पुन्हा आरशात बघावंसं वाटायला लागलं होतं.

आजारात तो इतका वाळला होता की तिनं त्याचा पावसाळी कोट दोन्ही बगलांतून दोन-दोन बोटं आत घेतला होता. आता त्याची बटणंच लागेनात. ती टिपा उसवायला बसली तर म्हणाला, “राहू दे. उघडाच घालतो. मला कुठे थंडी वाजते?”

खरंच वाजत नव्हती. तरी एकदोन गोष्टी तिला बोचत राहिल्या, कपड्यात राहून गेलेली टाचणी बोचते तशा. हा तिचा नवरा असा ड्रायव्हर, की पोरं उतरली तरी शेवटच्या सीटपर्यंत जाऊन, वाकून, खाली बघितल्याशिवाय बसचं दार लावायचा नाही. ‘कोणी मागे राहिलं का?’ हे त्याच्या तोंडात बसलेलं वाक्य. कामावर पुन्हा जायला लागला तेव्हा एकदा ती डबा घेऊन डेपोत गेली होती. त्यानं खाली उडी मारली, दार ओढलं आणि कुलूप लावलं.

“अहो, मागे बघितलं नाहीत?”

“मागे काय आहे?” तो म्हणाला, आणि छान हसला.

आणि एकदा तिनं सहज, लाडात येऊन, अंगुस्तानानं भिंतीवर वाजवलं. तो मागच्या खोलीतच होता. उत्तर नाही. थोड्या वेळानं दारात येऊन म्हणाला, “काय ठोकतेयस? खिळा मारायचाय का? दे, मी मारतो.”

तापात माणूस काहीबाही विसरतो, असं तिनं मनाला समजावलं. आणि मनही शहाणं, चटकन समजलं.

४

दर वर्षी दोघं त्या डोंगरावर जायची. वर खिंडीच्या अलीकडे एक दगडी निवारा आहे, एक खोली, एक शेगडी, आणि तिथे राहणारा एक म्हातारा राखणदार. धुकं उतरलं की तो दाराशी टांगलेली घंटा वाजवायला लागतो, म्हणजे वाटेत असलेल्यांना आवाजाच्या रोखानं येता येतं. तिथला एक नियम आहे. जो सगळ्यांत शेवटी आत येईल त्याला राखणदार विचारतो, “मागे कोणी आहे?” शेवटचा माणूस “मागे कोणी नाही” म्हणाला की घंटा थांबते आणि दाराला अडसर पडतो. उत्तर त्यानंच द्यायचं, दुसऱ्या कोणी नाही. मागे काय आहे हे शेवटच्यालाच ठाऊक ना!

इतकी वर्षं ते उत्तर तिच्या नवऱ्यानं दिलं होतं. तो कायम मागे चालायचा. “ड्रायव्हर पायी असला की शेवटी असतो,” म्हणायचा.

या वर्षी जायचं नव्हतं. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं, रेडिओवर वादळाचा इशारा होता, सकाळपासून आभाळ भरलेलं.

“अहो, माझं ऐका. पुढच्या महिन्यात जाऊ.”

“बरा झालो म्हणजे झालो. का अजून मला त्या पलंगावर झोपवायचंय?”

त्या पलंगाचं नाव काढलं की ती काहीही मान्य करायची. तिनं बूट चढवले, पाठीवर पिशवी अडकवली, आणि नेहमीच्या सवयीनं अंगुस्तान कोटाच्या खिशात टाकलं. ते बोटाखाली फिरवत राहिलं की तिला धीर यायचा.

पायथ्याशी ती सवयीनंच थांबली, त्यानं आधी तिला पुढे जाऊ द्यावं म्हणून. तो तिच्या बाजूनं निघून गेला. चढ चढायला लागला, कोट उघडा, हात मोकळे, तोंडानं गाणं. एकदाही वळून बघितलं नाही. ती मागे राहिली. अशी मागे ती आयुष्यात पहिल्यांदाच चालत होती, आणि पाठ इतकी उघडी वाटते हे तिला माहीत नव्हतं.

५

अर्ध्या चढावर पाऊस आडवा यायला लागला. मग वारा. मग धुकं असं उतरलं की स्वतःचे बूटही पुसट दिसायला लागले. पुढून गाणं येत होतं, त्याच्या मागोमाग ती चालली होती. वाट ओळखीची होती. डाव्या हाताला कातळ, उजव्या हाताला काही नाही. उजवीकडे बघायचं नाही, हे त्यानंच तिला शिकवलं होतं.

तेव्हा तिला खोकला ऐकू आला.

दोन आखूड, एक लांब. शेवटी बारीक शिट्टी.

तिचे पाय पुढे चालतच राहिले, कारण आधी तिला हायसंच वाटलं. आहेत, मागे आहेत. इतक्या दिवसांची सवय ती, कान आधी खूश झाले. मग डोकं जागं झालं. गाणं पुढून येत होतं. खोकला मागून आला होता.

“अहो!” तिनं ओरडून विचारलं. “खोकलात का तुम्ही?”

“कोण, मी?” पुढून आवाज आला. “चल गं लवकर, भिजशील!”

कातळावर आवाज आपटतो आणि मागून आल्यासारखा वाटतो, तिनं स्वतःला सांगितलं. पण आपटायला आधी कोणीतरी खोकायला हवं. मग दुसरं कोणी असेल. डोंगर काय आपल्या एकटीचा आहे? सर्दी-पडशाची माणसं पुष्कळ. असेल कोणीतरी. तिनं पाय उचलले. थोडं गेल्यावर पुन्हा तेच. दोन आखूड, एक लांब, शिट्टी. तितक्याच अंतरावर. ती थांबली की तोही थांबायचा, दम खात. तो दम तिला ऐकू येत होता, खालून ओढून आणलेला, मधेच अडकणारा. असा दम लागला की ती त्याच्या पाठीमागे उशा रचायची. आत्ताही तिचे हात नकळत पुढे झाले.

वळणावर वाऱ्यानं धुकं जरासं बाजूला केलं. तेवढ्यात ती मागे वळली. बघायला नको होतं.

खाली, वाटेकडेच्या धोंड्यावर कोणीतरी बसलं होतं. पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून, खांदे वर उचलून. श्वास पुरेनासा झालेला माणूस बसतो तसं. किती बारीक! आत घेतलेला कोट त्याला झकास बसला असता. अंगाभोवती काहीतरी गुंडाळलेलं होतं, ओलं होऊन चिकटलेलं, त्याच्यावर पट्टे होते. तोंड खाली होतं. ते वर व्हायला लागलं आणि धुकं पुन्हा दाटलं.

ती तिथे किती वेळ उभी होती कोण जाणे. तिच्या डोक्यात एकच गोष्ट गरगरत होती. खाली बसलेले आपले असतील, तर पुढे गात चाललंय ते कोण? आणि पुढे आहेत तेच आपले असतील, तर आपल्याला वेड लागलंय. यातलं काय खरं असावं असं तिला वाटत होतं? वेड. तिला मनापासून वाटत होतं की आपल्याला वेड लागलेलं असू दे.

खाली जाऊन बघणं काही पावलांचं काम होतं. ती पुढे निघाली. जवळजवळ पळतच.

६

घंटेचा आवाज आला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. वाट संपली, दगडी भिंत हाताला लागली, तिच्या कडेनं चाचपत ती दारापाशी आली. राखणदार उंबऱ्यात उभा राहून दोरी ओढत होता. अंगावर मेणकापड, दाढीतून पाणी ठिबकतंय.

“या, ताई, या. साहेब केव्हाचे आलेत. मी म्हटलं, या वर्षी उलटं कसं काय? पुढे साहेब, मागे ताई?”

आत शेगडी पेटली होती. तिचा नवरा शेगडीशी पाय पसरून बसला होता, हातात चहाचा मग, कोट उघडा. केस भिजलेले असूनही तो इतका तरतरीत दिसत होता की कोणालाही बघत राहावंसं वाटलं असतं.

“आलीस? बस इथे. हात दे बरं, किती गारठलाय!” त्यानं तिचा हात आपल्या हातात घेतला. त्याचा हात गरम होता, कोरडा होता. तिला इतकं बरं वाटलं की रडू यायला लागलं.

राखणदार अजून दारातच होता. घंटा चालूच होती.

“काका, दार लावा की,” नवरा म्हणाला. “आलो आम्ही दोघं.”

“हो, पण…” म्हाताऱ्यानं बाहेर बघत मान खाजवली. “धुकं उतरायच्या आधी मी कड्यावरून बघितलं होतं. मला तिघं दिसली होती. एक पुढे, एक मधे आणि एक बराच मागे.”

“खांब असेल एखादा.”

“त्या वाटेला खांब नाहीत, साहेब.” म्हातारा शांतपणे म्हणाला. “पण माझे डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत, तेही खरं. म्हणून तर विचारायचं असतं.”

त्यानं दोरी धरूनच तिच्याकडे तोंड केलं. घंटा वाजतच राहिली.

“ताई, तुम्ही शेवटच्या. मागे कोणी आहे?”

७

तिनं उघड्या दारातून बाहेर बघितलं.

“या वाऱ्यात घंटा थांबली की दार सापडत नाही हं,” म्हातारा समजुतीनं म्हणाला. “भिंतीला हात लागला तरी सापडत नाही. माणूस गोल गोल फिरत राहतो आणि मग बसतो. एकदा बसला की संपलंच. म्हणून नीट आठवून सांगा. घाई नाही.”

बाहेर खोकला आला.

वाऱ्याच्या वरून आला, स्पष्ट आला. दोन आखूड, एक लांब. शिट्टी मात्र वाऱ्यानं खाल्ली. राखणदाराची मान वळली. म्हणजे त्यालाही ऐकू आलं होतं. वेड लागलं नव्हतं तर. तिला पहिल्यांदा कळलं की वेडाची वाट आता बंद झाली, आता फक्त हो किंवा नाही उरलंय.

“खोकल्यासारखं वाटलं,” म्हातारा म्हणाला.

नवऱ्याच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही. तो चहा पीत होता. त्यानं रिकामा हात तिच्या खांद्यावर ठेवला, आणि तो हात फार जड होता.

“सांग ना त्यांना,” तो लाडानं म्हणाला. “मागे काय आहे?”

ती त्याच्याकडे बघत राहिली. हे डोळे, हा आवाज, हा दाढी करताना गाणारा गळा. तिनंच मागितला होता हा. आता ‘हो’ म्हणायचं, तर काय आणायचं आत? वाफ, थापट्या, चमचा, ती खोली, तो वास, सलग न मिळालेली झोप. आणि त्याला आत आणलं तर इथे बसलेला हा कुठे जाणार? आणि जाताना काय करून जाणार? ती आता त्याला घाबरत होती. पण नुसती घाबरली असती तर गोष्ट सोपी होती. तिला तो हवा होता. एवढ्या वर्षांनी कोणीतरी तिच्या मशीनचं चाक हातानं थांबवलं होतं.

बाहेर पुन्हा खोकला आला, आणखी जवळ.

‘ह्यांनी काय सांगितलं असतं?’ तिच्या मनात आलं. ह्यांनी काही सांगितलंच नसतं. हे घंटेची दोरी म्हाताऱ्याच्या हातात तशीच ठेवून, कंदील घेऊन बाहेर गेले असते. वाकून, खाली, धोंड्याधोंड्याशी बघून आले असते.

“नाही,” ती म्हणाली. “मागे कोणी नाही.”

राखणदारानं क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग नियम तो नियम. त्यानं दोरी सोडली. घंटा एकदोनदा आपोआप वाजली आणि थांबली. त्यानं दार ओढून घेतलं, आडवा अडसर घातला, आणि मेणकापड झटकत लाकडं आणायला मागच्या पडवीत गेला.

८

घंटा थांबल्यावर खोलीत वाराच तेवढा उरला. नवऱ्यानं तिला मग दिला. तिनं चहाचा घोट घेतला.

“किती छान वाटतंय नाही?” तो म्हणाला. “आपण दोघंच.”

“हो.”

ती भिंतीला पाठ टेकून बसली होती. गार दगडाची भिंत, जाड, बाहेरच्या बाजूनं पाऊस आपटत होता. आधी तिला वाटलं पाऊसच असेल.

टक, टक, टक.

तिच्या पाठीच्या अगदी मागे. दगडावर, बोटाच्या पेरानं.

तिचा हात आपोआप खिशात गेला आणि अंगुस्तान आपोआप बोटात चढलं. हे तिनं केलंच नाही, हातानं केलं. हात भिंतीपाशी गेला. दोनदा वाजवलं की झालं असतं. तेवढ्या आवाजावरसुद्धा तो दारापर्यंत आला असता. भिंतीतून आलेली तेवढी खूण त्याला आजवर पुरली होती.

“काय गं, काय वाजलं?” नवऱ्यानं विचारलं. तो आता तिच्याकडे नाही, तिच्या हाताकडे बघत होता. हसत होता.

“वारा आहे,” ती म्हणाली.

थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा वाजलं, जरा पलीकडे. दाराच्या उलट दिशेला. तो बाहेरून भिंतीच्या कडेनं चाचपत निघाला होता आणि चुकीच्या बाजूला निघाला होता. ठोकण्यात चिडचिड नव्हती, घाई नव्हती. आजारातही कधी नसायची. तीनदा ठोकलं, आणि तो थांबला. तो का थांबला हे तिला ठाऊक होतं. तिची शिवण पुरी व्हायची वाट बघत होता.

शेगडीतली लाकडं तडतडली. बाहेर वाट बघणं चालूच होतं, इतकं की तिला ते कानांनी ऐकू येत होतं.

तिनं बोटातलं अंगुस्तान काढलं आणि नवऱ्याच्या पसरलेल्या, गरम तळहातावर ठेवलं. त्यानं मूठ मिटली.